पारा पस्तीसचा, मग पोरं का कोसळतात?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी मूळचा वाशीमकडचा. सध्या नवी मुंबईतल्या उलव्यात एका टॉवरच्या साइटवर मुकादम आहे. सेंट्रिंगवाले, फिटर, बिगारी मिळून तीस-पस्तीस माणसं माझ्या हाताखाली आहेत. काही आमच्या भागातली, काही झारखंड-बिहारची. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, तरी आम्ही शेतात कामं केली. इथं मोबाइलवर ३४-३५ दाखवतं आणि माणसं अकरा वाजताच गळून जातात. मागच्या आठवड्यात गावाकडून नवा आलेला बावीस वर्षांचा पोरगा तिसऱ्याच दिवशी स्लॅबवर सळई बांधताना पडला. पडायच्या आधी तो काहीतरी असंबद्ध बोलत होता, बाकीच्यांना वाटलं मस्करी करतोय. आम्ही सावलीत नेलं, कांदा हुंगवला, लिंबूपाणी पाजायला बघितलं, पण तो गिळेना. गाडी मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. आता गावी आहे, बरा आहे, परत येतो म्हणतो. इंजिनीअरसाहेब म्हणतात, पावसाच्या आत वरचे दोन स्लॅब झालेच पाहिजेत. पोरं म्हणतात, मिठाच्या गोळ्या आणून द्या. माणसं बसवली तर काम थांबतं, नाही बसवली तर भीती वाटते. तो पोरगा माझ्या भरवशावर आला होता, मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमची माणसं कच्ची नाहीत आणि कामचुकारही नाहीत. वाशीमच्या ४४ अंशांपेक्षा उलव्याचे ३५ अंश कष्ट करणाऱ्या शरीराला जास्त धोक्याचे ठरू शकतात. हे एकदा तुम्हाला पटलं, की पुढचं सगळं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बसवाल, कारण साइट तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आधी कारण सांगते.

गावाकडचा माठ आठवा. भर मे महिन्यात त्यातलं पाणी दातांना झोंबतं. तोच माठ उलव्यात आणून ठेवला तर पाणी जेमतेम गार होतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. विदर्भाची हवा कोरडी, ती पाणी पटकन ओढून घेते. खाडीकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, मग पाणी उडणार कुठे? आपलं अंग थंड राहतं तेही याच रीतीने. एक लिटर घाम त्वचेवरून वाळून गेला, तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. पण तोच घाम न वाळता हनुवटीवरून, कोपरावरून टपकला, तर अंग जवळजवळ काहीच गार होत नाही. उलट तेवढं पाणी आणि मीठ वाया जातं. तुमच्या फिटरचा शर्ट पिळून पाणी काढावं इतका भिजलेला असतो आणि तरी त्याचं अंग तापलेलंच असतं, त्याचं कारण हे.

याचं मापही आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून हवेत धरलं, की पाणी उडून तो किती खाली उतरतो ते दिसतं. घाम वाळून अंगाला किती थंडावा मिळू शकतो, याचा अंदाज त्यावरून येतो. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडाचा पारा २३ च्या आसपास उतरतो. हवा ३५ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तो २९ च्या खाली येत नाही. घाम गाळणाऱ्या माणसासाठी हे सहा अंश फार मोठे आहेत. म्हणून मोबाइलवर नुसतं तापमान बघू नका, त्याच्या खाली लिहिलेली आर्द्रताही बघा. हवामान खात्यानेसुद्धा उष्णतेची लाट ठरवायला सपाट प्रदेशासाठी ४० अंशांची आणि किनाऱ्यासाठी ३७ अंशांची पायरी धरली आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला आलेल्या चौदा जणांचा उष्माघाताने जीव गेला, तेव्हाही त्या भागात पारा चाळिशीच्या आतच होता. ती माणसं तर नुसती उन्हात बसलेली होती, तुमची माणसं सळया वाहतात. स्नायू काम करतात तेव्हा त्यांनी खर्च केलेल्या शक्तीतला तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग उष्णता होऊन अंगातच साठतो. ऊन बाहेरून, कष्ट आतून, आणि मधला घाम वाळत नाही.

आता त्या पोराचं. तो तिसऱ्या दिवशी पडला, याचं मला नवल वाटलं नाही. उन्हात काम करताना दगावणाऱ्यांमध्ये कामावर येऊन थोडेच दिवस झालेल्यांचं प्रमाण जगभर मोठं दिसतं. शरीराला दमट उष्म्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. गावाकडच्या उन्हाची सवय थोडी उपयोगी पडते, पण ती पुरत नाही. आणि नवा माणूसच सगळ्यात जास्त जोर लावतो, कारण त्याला मुकादमाच्या नजरेत भरायचं असतं. तरणा आहे, रट्टा ओढतो, म्हणून आपणही त्यालाच जड काम देतो.

यावर ठरलेली रीत आहे, ती तुमच्या साइटवर आजपासून लावा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पुऱ्या कामाच्या पाचव्या हिश्शाइतकंच द्यायचं आणि रोज तेवढाच एक हिस्सा वाढवायचा. पाचव्या दिवशी तो पूर्ण कामावर येतो. बाकीचा वेळ त्याला खालच्या मजल्यावर सावलीत सामान लावणं, खिळे काढणं, रिंगा मोजणं असं काही द्या. जुना माणूस लग्नाला गावी जाऊन आठवडाभराने परत आला, तर त्यालाही पहिल्या दिवशी निम्मं काम, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं जास्त, तिसऱ्या दिवशी ऐंशी टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण. आठवडाभरातच सवय उतरायला लागते, हे बहुतेकांना माहीत नसतं. ताप-जुलाबातून उठलेल्यालाही हाच नियम. हजेरी मात्र पूर्ण लावा. मजुरी कापली जाणार असेल तर कोणीही खरं सांगणार नाही आणि तुमची रीत पहिल्याच दिवशी मोडेल.

वेळापत्रकाबद्दल तुम्हाला इंजिनीअरसाहेबांशी बोलावं लागेल आणि तुमच्या हातात बोलायला मुद्दा आहे. जड काम सकाळी सहाला सुरू करून अकराच्या आत संपवायचं आणि पुन्हा चारनंतर उघड्यावर यायचं. मधल्या वेळेत पडी म्हणजे पडी, किंवा फार तर आतल्या मजल्यांवरचं हलकं काम. स्लॅब भरायचा असेल तर संध्याकाळी उशिरा सुरू करून रात्री भरा, दिव्यांची नीट सोय करून. भर उन्हात ओतलेलं काँक्रीट लवकर आवळतं आणि त्याला तडे जायचा धोका असतो, हे साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणजे रात्रीचा स्लॅब त्यांच्याही सोयीचा. आखाती देशांत उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारचं उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. तिथल्या इमारती त्यामुळे अडून राहिलेल्या नाहीत. कोकणातली कितीतरी माणसं तिथे राबून आली आहेत, तुमच्या साइटच्या आसपासही कोणी भेटेल, विचारा.

विश्रांती माणसाच्या मर्जीवर सोडू नका. टनावर सळई बांधणारा फिटर स्वतःहून बसणार नाही, त्याच्या घरी पैसे जायचे असतात. एकटा बसला तर चारजण हसतात, हेही आहेच. तुम्ही शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी एकदम उठायचं. दमट दिवशी पाऊण तास काम आणि पाव तास सावली. वारा पडलेला असेल आणि ऊन थेट डोक्यावर असेल, तर अर्धा तास काम, अर्धा तास सावली. वळवाची सर येऊन गेली की माणसं खूश होतात, पण नंतर ऊन पडलं की वाफ उठते आणि त्या दिवशी जास्त सांभाळावं लागतं.

बसायची जागा पत्र्याच्या शेडमध्ये नको, तापलेला पत्रा वरून भाजतो. टेकू काढून झालेल्या खालच्या मजल्यावर, जिथून वारा आरपार जातो, तिथे जागा करा आणि एक मोठा पंखा लावा. इथल्या हवेत पंख्याचा चांगला उपयोग होतो, वारा अंगावरचा घाम वाळवतो. गावाकडच्यासारखा पाण्याचा कूलर आणू नका, बंद जागेत तो दमटपणाच वाढवेल. शेजारी गार पाण्याचं एक पिंप भरून ठेवा आणि बसल्या बसल्या दोन्ही हात कोपरापर्यंत दहा-पंधरा मिनिटं त्यात बुडवायला सांगा. हातातून रक्त भरपूर वाहतं, ते गार होऊन आत जातं. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय दुसरा मला माहीत नाही.

पाण्याचं सगळ्यांना माहीत असतं, तरी दोन-तीन गोष्टी राहून जातात. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. पण तासाला दीड लिटरच्या वरही जायचं नाही. एकदम तांब्यावर तांब्या साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं आणि माणूस फिट येऊन पडू शकतो. लघवी गडद पिवळी किंवा चहासारखी दिसली तर पाणी कमी पडतंय. तोंडात खर्रा किंवा तंबाखू असली की पाणी पिणं लांबत जातं, हे मी तुमच्या भागातल्या मजुरांमध्ये नेहमी बघते, म्हणून शिट्टी झाली की आधी तोंड धुवायला लावा.

मिठाच्या गोळ्या आणू नका. त्या पोट बिघडवतात, उलट्या होतात आणि रक्तदाब असलेल्याला त्रास होतो. मीठ जेवणातून आणि पिण्यातून जाऊ द्या. कोकणातली माणसं सकाळी पेज पिऊन, सोबत लोणच्याची फोड खाऊन शेतावर जात आली आहेत. त्यात पाणी, मीठ आणि ताकद तिन्ही आलं. तुमच्या मेसवाल्याला सकाळी मिठाची पेज आणि दुपारी ताक द्यायला सांगा. कैरीचं पन्हं चालेल, कोकमाच्या आगळाचं मीठ घातलेलं पाणी चालेल, सरबतात साखर बेताची असू द्या. दोन तासांपेक्षा जास्त घाम गाळणाऱ्यासाठी ओआरएस ठेवा. एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. पातेल्यात कालवून सकाळीच भरून ठेवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका.

तुम्ही बायांबद्दल काही लिहिलं नाही. तुमच्या साइटवर घमेली वाहायला बाया असतील तर त्या पाणी कमी पीत असतील, याची मला खात्री आहे. जायला जागाच नसते, किंवा असते ती अशी की तिथे जाववत नाही. मग त्या सकाळपासून घोटभर पाण्यावर काढतात आणि आमच्याकडे लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने पिण्याचं पाणी आणि शौचालय देणं मालकावर बंधनकारक केलं होतं. कडी लागणारं दार, पाणी आणि उजेड असलेलं शौचालय बायांसाठी वेगळं करून घ्या. त्याशिवाय त्यांना पाणी प्या म्हणणं व्यर्थ आहे.

कपडे सैल, पातळ, सुती, फिक्या रंगाचे, बाही पूर्ण. चमकणारी जॅकेटं जाळीची मागवा, प्लास्टिकसारखी बंद नकोत. हेल्मेट काढायचं नाही. घामोळ्यावर गार पाण्याची आंघोळ आणि कोरडे कपडे, एवढं बहुतेकदा पुरतं. जांघेत, कमरेला गजकर्ण झालं तर दुकानातून मागून आणलेलं मलम लावू देऊ नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवस थांबते आणि गजकर्ण दुप्पट पसरतं. डॉक्टरांना दाखवायला लावा. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, विशेषतः लघवी जास्त होण्याची गोळी, त्यांनी आपल्या डॉक्टरांना उन्हातल्या कामाबद्दल सांगावं. गोळी मनाने बंद करू नये. रात्री दारू प्यायलेला माणूस सकाळी कोरडा पडलेलाच कामावर येतो, त्याला त्या दिवशी वर चढवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे पुन्हा घडू शकतं. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, विचारलेल्याचं धड उत्तर देत नाही, आणि तो उन्हात काम करत होता, तर तो उष्माघात आहे असंच धरून चालायचं. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात, हा समज चुकीचा आहे. कष्ट करणाऱ्याला घामाने निथळत असतानाच उष्माघात होतो. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांची हानी मिनिटागणिक वाढत जाते. म्हणून आधी गार करायचं, मग न्यायचं.

तुमच्या साइटवर ताडपत्री आहे, पाणी आहे, माणसं आहेत. एकाने १०८ ला फोन लावायचा. बाकीच्यांनी त्याला सावलीत ताडपत्रीवर निजवायचं, बूट आणि वरचे कपडे काढायचे, पाच-सहा जणांनी ताडपत्रीच्या कडा उचलून तिची खोळ करायची आणि आत बादल्यांनी पाणी ओतायचं, मिळेल तेवढा बर्फ टाकायचा. एकाने फक्त त्याचं डोकं वर धरून बसायचं, नाका-तोंडात पाणी जाता कामा नये. पाणी सतत हलवत राहायचं. बर्फाची सोय आधीच बघून ठेवा, मासळीमुळे तुमच्या भागात बर्फ विकणारे आहेत, त्यांचा नंबर भिंतीवर लिहा. बर्फ नसेल तर नळाच्या पाण्यानेही फरक पडतो. अंगभर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. तो नीट बोलायला लागेपर्यंत किंवा अँब्युलन्सवाले ताबा घेईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी, लिंबूपाणी काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. त्या दिवशी त्याला गिळता आलं नाही तेव्हा तुम्ही थांबलात, ते बरोबर केलंत. तापाची गोळी देऊ नका, हा तो ताप नव्हे. कांद्याने काही होत नाही, त्यात हात आणि वेळ अडकतो. हे सगळं एका सकाळी सगळ्यांना गोळा करून प्रत्यक्ष करून दाखवा, एखाद्या धडधाकट पोराला ताडपत्रीवर निजवून. आणि दोन-दोन माणसांच्या जोड्या लावून द्या. भरकटलेल्या माणसाला आपण भरकटलोय हे कळत नाही, शेजारच्यालाच कळतं. जोडीदार मस्करी करतोय असं वाटलं, तरी त्याला खाली आणायचं.

तुमच्या झोपेबद्दल. त्या पोराला इथे आणणं ही चूक नव्हती. नव्या माणसाला हळूहळू कामात घ्यायचं असतं, हे ना ठेकेदाराने तुम्हाला सांगितलं ना साहेबांनी. आता तुम्हाला माहीत आहे आणि ते पुढच्या प्रत्येक माणसाच्या कामी येणार आहे.

त्याला इतक्यात बोलावू नका. शुद्ध हरपण्यापर्यंत गेलेला उष्माघात वरून बरा वाटला तरी आत मूत्रपिंड, यकृत आणि स्नायूंना मार देऊन जातो. गावाजवळच्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासायला सांगा. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि स्नायूंसाठी सीपीके, ही तीन नावं कागदावर लिहून द्या, सोबत दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद न्यायला सांगा. घरी सोडल्यापासून कमीत कमी एक आठवडा कष्टाचं काम नाही, रिपोर्ट ठीक येईपर्यंत तर नाहीच. नंतरही डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, आणि तेही पहिल्या दिवसापासून पाचव्या हिश्शाच्या रीतीने. मला विचाराल तर यंदाचा मे त्याने गावीच काढावा आणि पाऊस लागून हवा उतरली की यावं. रिपोर्ट हातात आले की त्यांचा फोटो काढून सदराच्या पत्त्यावर पाठवा. मी बघून तुम्हाला कळवते.